मंगळवार मोकळा ठेवला होता

शहागंज, औरंगाबाद
बुधवार, ता. २३ एप्रिल १९५८
दुपारचे सव्वातीन. दुकानाच्या माळ्यावर, सतरंज्यांच्या थप्पीवर बसून लिहीत आहे. खाली मालक नानासाहेब जेवून आडवे झाले आहेत.

प्रिय गयास,

मोटारवाल्या कारभारीने हे पत्र तुझ्या हातात ठेवले की पहिले काम एवढेच कर. पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत आचाऱ्याला चूल पेटवू देऊ नकोस. मांडवात कितीही गडबड असो, अम्मी कितीही ओरडोत. कंदील जवळ घे आणि एका बाजूला बसून वाच.

तू हसशील हे मला ठाऊक आहे. "बन्स्या पुन्हा घाबरला" म्हणशील आणि कागद खिशात घालशील. म्हणूनच दोन ओळींची चिठ्ठी न लिहिता सगळे सविस्तर लिहीत आहे. नदीला पूर येणार म्हणून मी सगळ्या वर्गाला शाळेच्या धाब्यावर चढवले आणि घोटाभर पाणी आले, ही गोष्ट आपल्या पिशोरात अजून सांगतात. घाबरट आहे, खरे आहे. शाळा सहावीत सुटली, तरी आजही चार ओळी लिहिल्या की ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. आपली शाळा उर्दूची मराठी झाली त्या वर्षी गुरुजींच्या छडीने हातात बसलेली ही भीती आहे. तू मराठी अक्षरे नंतर शिकलास, पण त्या वर्षी दप्तर विहिरीत टाकून मोकळा झालास. मला तेवढी हिंमत नव्हती.

तुझी बहीण अनवरी हिचा निकाह ठरल्याचे तू रमजानच्या आधी कळवलेस तेव्हा मला फार आनंद झाला. तुमचा मांडव मी स्वतः निवडला, नव्या कनातीचा. गॅसबत्त्या एकेक पेटवून पाहिल्या. तुमचा गुरुवार मी आखणीत सगळ्यांत आधी लिहिला होता.

ही आखणी काय ते तुला सांगतो. नानासाहेबांकडे मांडव, सतरंज्या आणि तांब्याच्या डेगा भाड्याने देण्याचा धंदा आहे हे तुला माहीतच आहे. गेल्या हंगामात एकच कनात दोन घरांना कबूल झाली आणि एक नवरदेव भर उन्हात घोड्यावर बसून राहिला. त्याच्या मामाने दुकानात येऊन नानासाहेबांचा फेटा उतरवायचेच बाकी ठेवले होते. म्हणून या वर्षी नानासाहेब म्हणाले, "बन्सी, तू लई जपून लिहितो. हंगामाची आखणी तूच कर. चूक झाली तर तुझीच, म्हंजी मला शोधत बसायला नको." सगळे हसले. मीही हसलो.

मी पंचांग आणि उर्दू जंत्री शेजारी शेजारी ठेवून कामाला बसलो. रमजानात मुसलमानांकडे लग्ने नसतात, ईद झाली की सगळी एकदम येतात. त्याच आठवड्यात हिंदूंचेही मुहूर्त होते. कोणती वस्तू कोणत्या गावी, कोणत्या गाडीने जाणार, कोण चढवणार, कोण परत आणणार, सगळे लिहिले. धुवायला आणि दुरुस्तीलाही दिवस दिले. वस्तू दुकानात परत आली म्हणजे ती पुन्हा द्यायला तयार झाली, असे लोक धरून चालतात. ती तयार नसते. कनात ओली असते, दोर तुटलेला असतो, डेगेची कल्हई गेलेली असते.

आणि डेगांनीच सगळे बिघडले. चार मोठ्या डेगांची कल्हई उडून आतले तांबडे दिसू लागले होते. त्यात चिंचेचा खट्टा दालचा शिजवणे म्हणजे माणसांना विष घालणे, हे तुझ्या अम्मींनाही ठाऊक आहे. आमची कल्हई निजामुद्दीन चाचा करतात. रोजे धरून भट्टीपुढे बसणे त्यांना या वयात होत नाही, म्हणून त्यांनी ईदनंतरचा वायदा केला. जंत्रीत ईद रविवारी छापली होती. मी सोमवारी कल्हई लिहिली, आणि मंगळवार मोकळा ठेवला. त्या चौकोनात शब्दच तसा लिहिला, 'मोकळा'.

नानासाहेबांनी त्या चौकोनावर बोट ठेवले. "ह्यो कशाला?" मी म्हणालो, चांद एखादा दिवस पुढे गेला तर असावा. "जंत्रीत छापलंय नव्हं? मग दिसंल की. चांदाला दुसरं काय काम हाय?" फकिरा ड्रायव्हर म्हणाला, "मालक, बन्सीला एक दिवस झोपायला पायजे आसंल." दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी करमाडच्या एका लग्नाला मंगळवार कबूल करून टाकला. चारही डेगा त्या लग्नाला. मी 'मोकळा' खोडून वर 'करमाड' लिहिले.

शनिवारी संध्याकाळी सगळे शहागंज गच्च्यांवर होते. मीही या माळ्याच्या पत्र्यावर चढलो. दुसऱ्याच्या सणाचा चांद मी इतक्या आशेने कधी शोधला नव्हता. आभाळ स्वच्छ होते, तरी दिसला नाही. खालून पोरे ओरडत होती, "एक रोजा और! एक रोजा और!" मी खाली उतरून आखणीचा कागद पुन्हा उघडला.

ईद सोमवारी झाली. मी सकाळीच चाचांकडे गेलो. त्यांनी शीरखुर्मा पुढे केला आणि म्हणाले, "आज हाथ काले नइं करता बेटा. कल बासी ईद है, फिर भी तेरे वास्ते बैठ जाता मैं. कल ले आ." उद्या! मंगळवारी ते बसायला तयार होते, आणि माझ्याकडे मंगळवार उरला नव्हता. वाटी हातात धरून मी तसाच बसून राहिलो. चाची म्हणाल्या, "खा रे बावा, शीरखुर्मा है, कडू दवा नइं."

दुकानात परत आलो तर मागच्या अंगणात भट्टी पेटलेली. नानासाहेबांनी मोटारस्टँडवरून एक फिरता कल्हईवाला धरून आणला होता. आपले गाव सांगत नव्हता, मान वर करत नव्हता. चाचा चार डेगांना दिवसभर घेतात. याने दोन-तीन तासांत चारही संपवल्या आणि पैसे घेऊन निघून गेला. डेगा आरशासारख्या झाल्या होत्या. नानासाहेबांनी एकीत आपली मिशी पाहिली. "बघ, धंदा आसा करत्यात. नुसत्या रेघा मारून व्हत नाय."

भट्टीपाशी त्याच्या धातूची एक कांडी पडली होती. मी ती उचलली. कल्हई कथलाची असते. कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो, हे चाचांनी मला पहिल्या वर्षीच दाखवले होते. "कथील बोलता," म्हणतात ते. ही कांडी मी वाकवली. मेणासारखी वाकली. पुन्हा वाकवली. काही आवाज आला नाही. मी नानासाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "कानातला मळ काढ आधी. आन् त्या चार डेगांपुढं 'तयार' लिही." मी लिहिले.

काल करमाडचे लग्न झाले. रात्री डेगा परत आल्या. आज उजाडताना फकिराने तुमचा मांडव लॉरीत चढवला आणि त्यावर त्या चारांतल्या दोन आणि जुन्या कल्हईच्या दोन अशा डेगा ठेवल्या. उरलेल्या दोन बैलगाडीने बिडकीनला गेल्या. तिथेही उद्याच लग्न आहे. मी दारात उभा राहून दोन्ही गाड्या मोजून सोडल्या.

अकराच्या सुमारास करमाडहून नवरीचा भाऊ सायकलवर आला. मला वाटले, हिशेब करायला आला असेल. तो भांडला नाही, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाला, "मंडप और दो दिन रहने दो. लोगां अब मय्यत को आयेंगे." रात्रीपासून जेवलेली माणसे ओकत होती, पोट धरून लोळत होती. त्याची आत्या अख्तरीबी पहाटे गेली. काल पंगतीत पुन्हा दालचा मागून घेणारी तीच होती म्हणाला. नानासाहेबांनी हळहळ व्यक्त केली, त्याला पाणी दिले, आणि तो वळताच मला म्हणाले, "दोन दिसाचं भाडं मांड. ऊन लई हाय औंदा, माणसं टिकंना."

मी डेगांचे नाव काढले. नानासाहेबांनी आखणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "आखणी कुणाच्या हातची? 'तयार' कुणी लिवलं? म्या लिवलं व्हय? फौजदार कागद बघत्यात, बन्सी. त्यास्नी कांडीचा आवाज ऐकू येत नसतो." आणि पिशोरहून नुकत्याच परतलेल्या लॉरीची किल्ली कनवटीला खोचून जेवायला बसले. मलाही ताट वाढायला लावले.

ते हात धुवायला उठले तेव्हा मी कांडी घेऊन चाचांकडे धावलो. त्यांनी ती भिंतीच्या पांढऱ्या चुन्यावर ओढली. पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली. चाचा म्हणाले, "ये तो सीसा है बेटा. इसमें खट्टा पकाया किसने?" मी कांडी परत घेतली आणि पळत सुटलो.

गयास, अख्तरीबी शिशानेच गेली असे मी शपथेवर सांगू शकत नाही. ऊन असेल, दही उतरले असेल. या वेळीही घोटाभरच पाणी असेल, तर पुढची वीस वर्षे हसा मला. पण उद्या तुमच्याकडे चारशे पाने उठणार आहेत.

तर असे कर. तुमच्याकडे चार डेगा आल्या आहेत. प्रत्येकीच्या कानावर आकडा ठोकलेला आहे, बोटाने चाचपून पाहा. दोन आणि तीन आकड्यांच्या चांगल्या आहेत. त्यांची कल्हई रमजानच्या आधी चाचांच्या हातची आहे. त्यांत मटणाचा कलिया करा. सहा आणि नऊ आकड्यांच्या चुलीवर चढवू नका. त्यांत पाणीसुद्धा भरू नका. चमक पाहून आचारी त्याच आधी ओढील. गावातल्या काकासाहेबांच्या गुऱ्हाळात उसाची लोखंडी काहील रिकामी पडली असेल, ती मागून आण. दालचा त्यात काळा पडेल, वऱ्हाडी नावे ठेवतील. ठेवू देत. सहा आणि नऊला कुदळीने तळाला भोक पाड, म्हणजे त्या तिथून पुढच्या गावाला जाणार नाहीत. मी पाडायला सांगितले असे सर्वांसमक्ष सांग.

आता तू म्हणशील, एवढे होते तर बन्सी स्वतः का आला नाही. कारभारीची मोटार साडेपाचला सुटते, तिच्यात माझ्यापुरती जागा होती. तो म्हणालाही, "चल की, लग्नच हाय." पण दोन डेगा बिडकीनला आहेत, गयास, आणि माणूस मी एकच आहे. बिडकीनला मला कुणी ओळखत नाही. तिथे माझ्या अक्षराला किंमत नाही. असले पत्र त्यांनी त्याच चुलीत घातले असते. तिथे माणसानेच उभे राहिले पाहिजे. पिशोरात माझ्या जागी कागद चालेल असे एकच घर आहे. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत माझ्या बापाने तुझ्या अब्बांना नुसता निरोप पाठवला होता, की कन्नडच्या रस्त्याने जाऊ नका. अब्बांनी कारण विचारले नाही, भरलेली गाडी जागीच सोडली आणि सगळ्यांना रानातून नेले. मी तर तुला कारणासकट लिहीत आहे. बिडकीनच्या लोकांना मी कांडी वाकवून दाखवीन. ते मारतील किंवा मालकाकडे परत पाठवतील. फौजदारांकडे नेले तर उत्तमच, आखणीचा कागद सदऱ्याच्या आत आहे. अनवरीला माझा आशीर्वाद सांग. दुसरे काही सांगू नकोस.

खाली खाकरण्याचा आवाज आला. उठले वाटते.

तुझाच,
बन्सी

ता.क. खर्च: बिडकीनपर्यंत सायकलचे भाडे एक रुपया. कारभारीने पत्राचे काही घेतले नाही. सहा आणि नऊ डेगांचे तू भरलेले भाडे आठ रुपये, ते माझ्याकडचे या पाकिटात घातले आहेत, मोजून घे. देणे: भोक पाडलेल्या दोन डेगांची किंमत, नानासाहेब सांगतील ती. येणे: एप्रिलचा पगार. तो धरलेला नाही.