बोक्याचा डावा कान

१२ मे

चि. छकुली,

आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक आहोत. जावईबापू आणि बाळ मजेत असतील.

परवा फोनवर मी 'बघू' म्हणालो. ते 'नाही' होतं, हे सांगायला लिहितो आहे. तू बाळाला घेऊन येण्याआधी बोक्याला कुठेतरी देऊन टाकावं, हे मला मान्य नाही. कुत्र्याचं नाव बोका ठेवणारी तुझी आई गेली, म्हणून कुत्र्यानेही जावं असं कुठे आहे?

गोचिडांची तुझी तक्रार खरी आहे. भिंतीवर चढलेले मीही पाहिले. बोक्याला फिट्स येतात, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनीच जालीम औषध नको म्हटलं. जावईबापूंचा रॉकेलचा उपाय ऐकून तर त्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हा दुकान बंद केलं की मी रोज फणी घेऊन बसतो. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली बघतो. घड्याळाचे काटे उचलायच्या चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरायचा, न पिळता सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. त्याचं अंथरूण कढत पाण्यात धुतो. अंगणातलं गवत कापून काढलं. आता भिंती स्वच्छ आहेत. तरी बाळ जिथे रांगेल तिथे आधी मी रांगून बघेन.

समोरच्या मावशींनी तुला कळवलं की मी एकटाच बडबडतो. बडबडतो, पण एकटा नाही. आई गोचीड काढताना बोक्याशी अखंड बोलायची. 'त्याला काय कळतंय?' असं मी आतल्या खोलीतून म्हणायचो. ती गेल्यावर मी पहिल्यांदा चिमटा घेतला आणि सवयीप्रमाणे गप्प बसलो, तर बोका उठून दाराशी गेला. परत आणला, परत गेला. शेवटी मी घड्याळांबद्दल बोलायला लागलो, तेव्हा आडवा झाला. गिऱ्हाइकंही इतकं ऐकून घेत नाहीत. मावशींना सांग, म्हातारा बिघडलेला नाही, उशिरा का होईना, चालू झालाय.

घड्याळांचं सांगून कधीच संपलं.

शेवटच्या संध्याकाळी आई काय म्हणाली, असं तू विचारलं होतंस. मी म्हणालो, काही नाही. म्हणाली होती. तुझ्याबद्दलच. ते मला तुझ्यासमोर बोलता येत नाही, आणि इथे लिहायला घेतलं तर पेन थांबतं. बोक्याला मात्र सांगतो. डाव्या कानाशी आलो की तो फार हलतो, तेव्हा तेच सांगावं लागतं. मग तो हलत नाही.

तेव्हा त्याला देऊन टाकायचा विषय पुन्हा काढू नकोस. आणि तू ये. कान धरायला मला एक माणूस हवंच आहे. तू धर आणि त्याच्याकडे बघ, माझ्याकडे नको. मी त्याला सांगेन.

बोक्यासह तुझी वाट पाहणारा,
बाबा