ड्रोनचं लायसन आणि बाबा

करी रोड, मुंबई
८ फेब्रुवारी

श्रेयाताई,

कशी आहेस गं? सौमित्र भावोजींचा खोकला गेला का? इथे आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. फोनच करणार होते, पण अर्ध्यात रडू येईल म्हणून लिहितेय.

आधी माझी बातमी. मी ड्रोन पायलट झाले! युनिव्हर्सिटीच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागलाय हे तुला सांगितलंच होतं. सुरुवातीला नुसतं कॉम्प्युटरवर उडवायचं. मी इतकी झाडांवर आपटले की मॅडम म्हणाल्या, "अपेक्षा, झाडांनी तुझं काय वाकडं केलंय?" मग मैदानात, खरंखुरं. वाऱ्यात ते एका जागी धरून ठेवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं. पण जमलं. परवा परीक्षा झाली, पास!

परीक्षा बघायला घरचं एक माणूस चालणार होतं. आईला एवढं चालवेना, म्हणून बाबा आले. शिवडीच्या गोदामातून अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. पूर्ण वेळ कुंपणाशी मान वर करून उभे.

ड्रोन उतरवलं तसे जवळ आले. पंख्याला हळूच बोट लावलं.

"ह्यां किती लांब जाता गो?"

"नजरेला दिसेल तेवढंच न्यायचं, बाबा."

"मगे नाशकापर्यंत जावचां नाय?"

ताई, बाबांच्या तोंडी तुझं नाशिक! तू पळून जाऊन लग्न केलंस तेव्हा "ती माका मेली" म्हणाले होते. चार वर्षांत घरात तुझं नाव नाही, नाशिकचंही नाही.

मग मी घरी लपवलेलं सांगून टाकलं. नाशिकजवळच्या द्राक्षबागांवर युनिव्हर्सिटीचं संशोधन आहे. वरून फोटो काढून पानांवरचा रोग लवकर ओळखायचा. मॅडमनी सहा महिन्यांसाठी मला निवडलंय. बाबांच्या भीतीने मी नाहीच म्हणणार होते.

"रवतलंस खंय?" त्यांनी विचारलं.

"हॉस्टेल आहे," मी चाचरत म्हटलं.

"भैण आसताना हॉस्टेल कित्याक?"

एवढं बोलून ते फाटकाकडे चालू लागले. मी ड्रोन तसंच टाकून मागे धावले. मॅडम ओरडल्या. ओरडू देत.

तर एक तारखेला येतेय. बाबा सोडायला येतायत. आई म्हणते, ते तुझा जिना चढणार नाहीत, खालूनच परततील. पण काल त्यांनी सुके बोंबील आणून ठेवले, आणि आपल्या घरात ते तुझ्याशिवाय कुणी आवडीने खात नाही. ते आधी बोलणार नाहीत, तू ओळखतेस. तूच खाली ये आणि "बाबा" म्हणून हाक मार. माझ्या बॅगा मी चढवेन.

बाबांचे आशीर्वाद. त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. मी मोठ्याने म्हणत लिहिलं, ते दारातच उभे होते. नको म्हणाले नाहीत.

तुझी,
अपू