पारोसला नेलेले पोहे

१४ जून, शनिवार

पोचलो एकदाचे ग्रीसमधल्या पारोस बेटावर! व्हिला कसला, राजवाडाच. पांढऱ्याशुभ्र भिंती, आमच्यापुरता स्विमिंग पूल, खाली समुद्र. तिकडे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत, कूपन मिळाल्याशिवाय पिझ्झा न मागवणाऱ्या माझ्या नवऱ्याने हे बुक केलं! देवदत्त म्हणतो, "लग्नाला दहा वर्षं झाली, एन्जॉय कर ना यार." मी सवयीने पोहे, मेतकूट, लोणचं आणलंच. तो नुसता हसला. एरवी चिडला असता.

पासपोर्टचं पाकीट नेहमीसारखं त्याच्याकडे. खोलीतल्या तिजोरीत ठेवलं. नंबर दाबताना माझ्याकडे पाठ केली.

१५ जून

गोड बोलतोय. फारच गोड. भीती वाटते.

१६ जून, सोमवार

गच्चीवर फोन चालला होता, अमेरिकेतल्याच ट्रॉयच्या सरलाताईंशी. त्याची बहीण. मी खाली टॉवेल वाळत घालत होते. "नाही गं, तिला काही कल्पना नाही... ती देशाबाहेर असतानाच डिव्होर्स फाइल करायचा... इशिता माझ्याबरोबर येईल." मी वर पाहिलं, तर लगेच, "हो हो, हवा मस्त आहे!"

जेवताना विचारलं, काय म्हणत होत्या ताई?

"काही नाही. मजा करा म्हणाली."

माझा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला. दोरी कापली की मी पुण्यात आणि सहा वर्षांची लेक इशिता टेक्सासमध्ये! भांडू? इथे आहे कोण? सकाळी एक माळी येतो तेवढाच. ओरडले तर शेजारच्या बकऱ्या ऐकतील.

१७ जून

इशिता पोहून आली. मी तिचे केस पुसत होते. "आई, बाबा सेज यू आर गोइंग टू आजीज हाउस फ्रॉम हिअर. विदाउट मी?"

विचारलं, बाबा अजून काय म्हणाला?

"इट्स अ सीक्रेट."

१८ जून, बुधवार

तिजोरीचा नंबर! मी पण काय मूर्ख. देवदत्तचे सगळे नंबर एकच — फोन, गॅरेज, बँक — त्याच्या आईची जन्मतारीख. श्रावणबाळ म्हणून दहा वर्षं चिडवत आलेय!

तो पूलमध्ये असताना उघडली. तीन पासपोर्ट. दोन काढले तर पाकीट हाताला रिकामं लागणार, लगेच कळणार. एकच काढायचा. माझा की तिचा? बाहेर पाण्याचा आवाज थांबला. एक उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. त्याने आजवर तिथलं एक झाकण उघडलेलं नाही.



१९ जून, सकाळ

रात्रभर जागले आणि पहाटे नेमका डोळा लागला. दोघं नाहीत! फोनवर मेसेज — "इशिताला बोटीतून फिरवून आणतो. तू आराम कर." तिची बॅग नाही. बाहुलीही नाही. तिजोरी उघडी, पाकीट गेलेलं. चपला न घालता धक्क्यापर्यंत धावले. अथेन्सची बोट कधीच सुटली होती. त्याचा फोन बंद. देवा, मी चुकीचा तर नाही ना उचलला?

१९ जून, दुपार

त्याचा फोन. विमानतळावरून. मागे इशिता रडत होती.

"सुनेत्रा, इशिताचा पासपोर्ट कुठाय?"

म्हटलं, "पोह्यांच्या डब्यात. तिला घेऊन ये."