काडीचं माप

दादा, मायच्या पायांवरून माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि हे कुणाशी बोलावं म्हटलं तर बाप म्हणून तुम्हीच आठवता, कारण तिच्या चपलांचं माप आयुष्यभर तुम्ही नेलंत. आत्ता दुपार आहे. लातूरचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. होस्टेलच्या मुली क्लासला गेल्यात, माय आतल्या खोलीत पंख्याखाली पडलीय, आणि मी दोन ओळी लिहिल्या की उठून तिचे तळवे बघून येते. तिला जाग आली तर विचारते, काय बघून राहिलीस गं सारखं? मी म्हणते, काही नाही, मच्छर बघते. परत येऊन बसते, पुन्हा उठते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बुडाखाली इंगळ ठिवलेत का तुझ्या, एका जागी बस की.

तुम्ही वारल्यावर माय मुदखेडजवळच्या आपल्या गावीच राहिली. बोलवलं तरी यायची नाही. मी इथं शिकवणीला आलेल्या मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे, खालच्या दोन खोल्या मला आहेत, तिला जागा काही कमी नव्हती. शेवटी तिची शुगर फार वाढली तेव्हा गेल्या हिवाळ्यात तिला जवळजवळ उचलूनच आणली. आली, रमली. मुली तिला आजी आजी करतात, ती त्यांच्या वेण्या घालून देते. सगळं बरं चाललं होतं. मग मार्चमधल्या एका दुपारी ती कोपऱ्यावरच्या गाड्यावर कोथिंबीर आणायला गेली आणि परत आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरा पाय रिकामा. मी विचारलं, एक चप्पल कुठं गेली? तिनं खाली बघितलं आणि हसली. म्हणाली, आगं माय, खरंच की. दादा, रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं उन्हानं. कुत्री सावली सोडत नव्हती. आणि ही बाई तशी चालत आली आणि तिला पत्ता नाही. मी तिला खुर्चीवर बसवून पाय उलटा करून बघितला तर तळव्याला हा एवढा फोड. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना, इथं जिचं जळत होतं तिलाच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटून झोपायला लावलं. त्यांच्याकडं नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, तो तळव्याला टेकवायचा, आणि लागलं की पेशंटनं सांगायचं, एवढीच तपासणी. माय प्रत्येक वेळी हाव म्हणाली. टाचेला हाव, चवड्याला हाव, बोटांना हाव. मला किती बरं वाटलं. मग डॉक्टर लिहायला म्हणून टेबलाकडं वळले, तंतू त्यांच्या खिशात, हात तिच्या पायापासून लांब, आणि डोळे मिटलेली माय म्हणाली, हाव. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर येऊन ते म्हणाले, तुमच्या आई मला बरं वाटावं म्हणून हाव म्हणतात. पायाचा कुठला भाग मेलाय आणि कुठला जिवंत आहे हे मला त्यांच्याकडून कळायलाच पाहिजे. तोवर अनवाणी एक पाऊल टाकू देऊ नका. चप्पल सैल नको, सैल निसटते आणि त्यांना कळत नाही. घट्ट नको, घट्ट घासून जखम करते आणि तेही कळत नाही. जखम चिघळली की पाय कापायची वेळ येते. पुढं बरोब्बर माप सांगितलं: चवड्याला रुंद, बोट पुढं टेकायला नको, टाच मागं लोंबायला नको, मागून पट्टा, आणि खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय सुजून मोठा होतो. मी मान डोलावली. मला वाटलं, चप्पल घ्यायला काय लागतंय.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. गंजगोलाईतलं एक दुकान सोडलं नाही. नांदेडला लग्नाला गेलो तेव्हा मांडवातून उठून वजिराबादच्या बाजारात चपला बघत हिंडलो. दुकानदार पायात घालून द्यायचा, मी विचारायची, कशी आहे? माय म्हणायची, बरी हाय. दुसरी घातली, बरी हाय. तिसरी, बरी हाय. एकदा मी मुद्दाम लहान नंबरची मागितली. टाच दोन बोटं मागं लोंबतेय, अंगठ्याच्या बेचक्यात रबर रुतलंय, आणि ही दुकानदाराकडं बघून म्हणते, लई बरी हाय बघा. माझं डोकंच सटकलं. भर दुकानात ओरडले तिच्यावर, की माय, तू बोलतेस का मी जाऊ? ती पदर सारखा करत राहिली. आजूबाजूच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या, कसली पोर आहे, म्हाताऱ्या मायवर ओरडते. मी आणलेल्या चपला घरात नुसत्या साठत गेल्या. एकीनं करंगळी लाल केली, एक जिन्यात निसटली, एक मुलीच घालून हिंडतात.

आणि मग रोज मला तुमची काडी आठवायला लागली. उन्हाळा लागला की मुदखेडच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही सायकल काढून अंगणात उभे राहायचात आणि म्हणायचात, माप आण. माय कुडातली तुराटीची काडी उपसायची आणि दाराआड जायची. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नाही, म्हणून ती स्वतःच पायाशेजारी काडी धरायची, मोडायची आणि माझ्या हाती बाहेर पाठवायची. तुम्ही ती खिशात उभी खोचायचात. बाजारात बाईनं पाय पुढं करून बसायची रीत नव्हती, काडीच जायची. संध्याकाळी तुम्ही येता, पिशवीतून कागदात गुंडाळलेली अंगठ्याची चप्पल निघते, लाल नाहीतर निळ्या पट्ट्यांची. माय पाय घालते. तुम्ही विचारता, कशी हाय? ती म्हणते, बरी हाय. तुम्ही माझ्याकडं बघून भुवया उडवता, बघितलंस का बापाचं माप.

त्या चपलेत काय होतं ते मला खूप उशिरा कळलं. आपल्या वस्तीतल्या बायकांनी गावातून जाताना चपला हातात घ्यायच्या, असा तिथला रिवाज होता. आजी तशीच गेली जन्मभर. धम्म घेतला, तुम्हाला रेल्वेत गँगमनची नोकरी लागली, तरी वेशीपाशी आलं की बायका वाकायच्या, चप्पल काढून पदराखाली घ्यायच्या. तुम्ही ते बंद केलंत. पारावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "माझी बायको वेशीतून पायात घालूनच जाईल." भांडणं झाली, हळदीच्या शेतातलं तिचं काम बंद झालं, पुन्हा लागलं. माय रोज त्या चपला घालून, फटक फटक वाजवत, पारासमोरून कामाला जायची. तिच्यामागं डबा घेऊन मी. सुटीत मी पण जायची ना तिच्याबरोबर. शेवटचं घर गेलं, नाला ओलांडला, की माय चपला काढून हातात घ्यायची आणि अनवाणी चालायला लागायची. मला वाटायचं, जपून वापरते. तुम्हालाही तसंच वाटायचं. वर्ष सरलं तरी चपलेचा तळ तसाच राहायचा, आणि तुम्ही शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचात, हिला चप्पल पुरवून वापरता येते.

पण त्या अंगठ्याच्या बेचक्यात तिनं चिंधी गुंडाळलेली असायची. पट्ट्याच्या कडा ब्लेडनं कापलेल्या असायच्या. मी ते बघितलं होतं, नुसतं बघितलं होतं. आता, या वयात, गंजगोलाईत उन्हातान्हात फिरताना ते सगळं एकदम डोक्यात जुळलं आणि मला तुमचा राग आला. हो, तुमचा. तुमचे स्वतःचे रेल्वेचे बूट जरा आवळले तर तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. बदलून आणायचात. आणि तिला एकदाच विचारायचं, कशी हाय, आणि ती बरी हाय म्हणाली की झालं? दुसऱ्यांदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? तिला हाव म्हणायची ही सवय तुम्ही लावलीत आणि आता तिचा पाय जायची वेळ आली, असं मी मनातल्या मनात तुम्हाला ऐकवत होते. झोपेतसुद्धा दात खात असेन.

काल संध्याकाळी पुन्हा निघालो. मी ठरवलं होतं, काही विचारायचंच नाही. दुकानात नेऊन बसवली आणि मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभी राहिले. दुकानदारानं एक अंगठ्याची काढली, तिच्या उजव्या पायात सरकवली, आणि कुणी काही विचारायच्या आत मागून आवाज आला.

"न्हाई. चावती."

मी वळले. मायनं पाय काढून घेतला होता आणि अंगठ्याशेजारची जागा चोळत होती. दुकानदार सांगायला लागला, मावशी, नवी चप्पल जरा चावतेच, दोन दिवसांत बसते पायाला. माय म्हणाली, मला नको, चावती. दादा, मला रडूच फुटलं. त्या बिचाऱ्या दुकानदाराला काय कळणार, चप्पल चावली म्हणून कुणाची पोर आनंदानं रडते का! पण चावली म्हणजे कळलं. उजवा पाय जिवंत आहे. मी त्याला म्हटलं, अजून काढा, सगळ्या काढा. मग ती एकेकीला नावं ठेवत सुटली. ही कडक, ही दाबती, ही शाळकरी पोरायची. शेवटी पुरुषांच्या चपलांतली एक काळी, चवड्याला रुंद, मऊ, मागून पट्टा असलेली तिनं घातली, दुकानाच्या टोकापर्यंत चालून आली आणि काहीच बोलली नाही. मी विचारलं, ही चावते का? नाही म्हणाली. बघायला अगदी कुरूप चप्पल आहे.

बाहेर येऊन आम्ही रसवंतीच्या बाकावर टेकलो. तिला रस चालत नाही, ती ताक पीत होती. मी म्हटलं, माय, इतक्या दिवसांत आज बरी बोललीस. तर म्हणाली, तू भांडत न्हवतीस म्हून बोलले. मग मी काढलंच, की दादांनी आणलेल्या सगळ्या चपला तुला चावायच्या ना? बाजारातून कधी बरोब्बर मापाची आणलीच नाही त्यांनी. माझ्या आवाजात तो राग होता. मायनं पेला खाली ठेवला. म्हणाली, त्यायला कशाला बोल लावती? काडी मीच आखूड मोडायची.

मला आधी समजलंच नाही. ती हसत होती. तिचा पाय मोठा. लहानपणापासून उघडा वापरलेला, फताडा, गड्याच्या पायाएवढा. ती काडी जशीच्या तशी बाजारात गेली असती तर चप्पलवाला हसला असता, चार माणसांत म्हणाला असता, ही बाईची काडी हाय का गड्याची? म्हणून ती दरवेळी दाराआड बोटभर काडी जास्तीची मोडायची. तुमचं हसू होऊ नये म्हणून. मग त्या बोटभर कमी चपलेत पाय कोंबून पारासमोरून वाजवत जायची, कारण तिथंही तुमची मान खाली जायला नको. इतके दिवस तुम्हाला शिव्या घातल्या त्या कुठं परत घेऊ, सुचेना. मग ती एकदम गंभीर झाली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्यायला सांगू नको हां. त्यायला वाटायचं, त्यायचं माप चुकत न्हाई."

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा फोटो तिच्याच उशाशी आहे. मी म्हटलं, बरं, नाही सांगत.

आज सकाळी पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. मी आत जायच्या आधी तिला एवढंच म्हटलं, की कालच्या दुकानात बोललीस तसं बोल. ती डोळे मिटून पडली. उजवा पाय झाला. हाव, हाव, एक न्हाई, पुन्हा हाव. डॉक्टर खूश झाले. मग डावा घेतला. टाचेला हाव. चवड्याला न्हाई. अंगठ्याला न्हाई. बोटांना टेकवत गेले, न्हाई, न्हाई. ती शाळेतल्या मुलीसारखी मन लावून खरं सांगत होती. चवड्यापासून पुढचं सगळं गेलंय, डॉक्टर म्हणाले, पण आता नेमकं कळलं, सांभाळता येईल. रोज तळवे बघा, ही चप्पल घरातसुद्धा पायात ठेवा. तिच्यासमोर म्हणाले, छान सांगितलंत, आजी. तीही खूश झाली.

आता ती झोपलीय, आणि तिनं सांगू नको म्हटलेलंच सगळं मी इथं लिहून बसलेय. म्हणून हे तुमच्यापर्यंत पोचवायचं नाही. तुमच्या फोटोमागंही ठेवायचं नाही. माळ घालताना ती फोटो खाली काढते, तिला वाचता येत नसलं तरी एखाद्या मुलीकडून वाचून घेईल. फाडून टाकेन. फक्त एक राहिलं. डॉक्टर डाव्या पायाला तो तंतू टेकवत होते आणि ती न्हाई न्हाई म्हणत होती, तेव्हा मी तिच्या उशाशी उभी होते, आणि इतके दिवस जिनं खरं बोलावं म्हणून मी आकाशपाताळ एक केलं, तिनं एकदा तरी, मला बरं वाटावं म्हणून, खोटं हाव म्हणावं, असं मला वाटलं.