टेबलाच्या पायाखालचा कागद

३ मार्च, सोमवार
"हे आजचं दुखणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हृदयाची एक भिंत जाड झाली आहे. वर्षानुवर्षं जास्त दाबाशी झगडून होते म्हणे तशी. "लहानपणी कुणी बीपी मोजलं होतं का?"
नाही म्हणालो. खोटं बोललो.
परवापर्यंत शंभर किलोचा काटा एकटा सरकवत होतो. डोकंसुद्धा कधी दुखलं नाही.

४ मार्च
गोळी सुरू. मीठ कमी. ही म्हणाली, "आता माझ्या भाजीला नावं ठेवायला निमित्त मिळालं तुम्हाला."
मुलांनाही तपासून घ्या, असं बाईंनी सांगितलंय. मूल एकच — आमची लेक, नववीतली. परीक्षा होऊ दे, म्हणालो.

६ मार्च, गुरुवार
लिहूनच टाकतो.
सातवीत होतो. गावच्या शाळेत दोन दिवस तपासणीला डॉक्टर आले. माझ्या दंडाला तीनदा पट्टा बांधला. मग चिठ्ठी दिली — वडिलांना सांग, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.
दुसऱ्या दिवशी अण्णा हत्यारांची पेटी घेऊनच शाळेत. आमचं काम तराजू-काटे दुरुस्तीचं. अण्णांचा नियम एकच: वजन पटलं नाही तर आधी काटा तपासायचा, माल मागाहून. त्यांनी डॉक्टरांचं ते गोल यंत्र उचलून सगळ्यांना दाखवलं. "साहेब, पट्ट्यात हवा नाही, तरी काटा शून्याच्या वर दोन घरं. आणि खोट माझ्या पोरात?"
वर्ग हसला. गुरुजीही हसले. डॉक्टर हळूच म्हणाले, "अहो, ती दोन घरं वजा केली तरी जास्तच येतंय."
ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. अगदी समोर उभा होतो. पण अण्णा जिंकले होते, आणि मला तेवढंच पुरे होतं.
टेबल सपाट नसेल तर कुठलाच काटा खरं सांगत नाही. आमचं कामाचं टेबल डुगडुगायचं. अण्णांनी चिठ्ठीची घडी केली आणि त्याच्या पायाखाली सारली.

७ मार्च
दिवसभर त्याच टेबलावर काम. एका दुकानदाराचा काटा शून्यावर येईना. शेवटी त्याला उद्या या म्हणालो.

८ मार्च
सकाळी देवापुढे बसलो. स्वतःसाठी मागावं तर लाज वाटते. लेकीसाठी मागावं तर तोंड उघडत नाही. तसाच उठलो.
अण्णांवर राग धरता येत नाही. त्यांना खात्री होती. माझं काय?

९ मार्च, रविवार
दुकान बंद. टेबल उचललं. ही दार धरून उभी. "अहो, जड उचलू नका म्हटलंय ना!"
पायाखालून कागद निघाले. दोन.
खालचा काळा पडलेला, अक्षर एक लागत नाही. वरचा स्वच्छ. दोन वर्षांपूर्वीचा, लेकीच्या शाळेतला. रक्तदाब जास्त, पुन्हा तपासावा. खाली पालकाचा शेरा, माझ्याच अक्षरात — "यंत्र तपासून घ्यावे." शाळेला परत द्यायचा होता. दिला नाही; अण्णांसारखाच पायाखाली सारला.
हिने वाचला. घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

१० मार्च, सोमवार
लेकीला घेऊन आम्ही दोघंही गेलो. परीक्षा राहू दे. दोन्ही कागद बाईंच्या पुढ्यात ठेवले, सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
पट्टा बांधण्याआधी मी वाकून पाहिलं. सवय. काटा शून्यावर होता.
तीनदा मोजलं. हृदयाचा फोटो उद्या.
लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, यंत्र बिघडलंय ना?"
"नाही गं," म्हणालो. "बरोबर आहे."