हमद टाउनचे चाळीस दुधी

हूरा, मनामा

प्रिय पप्पा,
मी ठणठणीत आहे, आणि आज तर जिंकलेच!

आपल्या देशातल्या पुरांमुळे इथे येणारी भाजी दीड महिना बंद आहे. लोकांकडे पैसा आहे, पण पेशंटच्या सूपसाठी दुकानात दुधी नाही. आमच्या हॉस्पिटलच्या किचनचे मॅनेजर म्हणाले, "डब्यातलं सूप द्या." किडनीच्या पेशंटना एवढं मीठ? आहारतज्ज्ञ म्हणून मी साफ नाही म्हटलं.

हमद टाउनजवळ अबू यूसुफ यांचं ग्रीनहाऊस आहे. त्यांच्या दुधीला फुलं भरपूर, फळ एकही नाही. "खलास, वेल उपटतो," म्हणाले. बंद जागेत मधमाशी कुठून येणार? मग रोज संध्याकाळी, तुम्ही करता तसं, मी नराचं फूल मादीच्या फुलाला टेकवत गेले. ते नुसते हसायचे.

आज चाळीस दुधी उतरले! पेशंट ताजं सूप प्यायले, मॅनेजरनीही वाटी मागून घेतली.

आपल्या विहिरीचं पाणी अजून खारट लागतं का? फोनवर तुम्ही विषय बदलता. आईचा गुडघा कसा आहे?

अबू यूसुफनी आता अर्धं ग्रीनहाऊस माझ्या हवाली केलंय. भेंडी किती अंतरावर लावायची, ते लगेच कळवा.

तुमची शेतकरीण,
जोॲन