इलो की इले

बाबा, गाडीत पिवळा दिवा लागलाय आणि काय करावं ते मला कळत नाही. स्टिअरिंगच्या मागे इंजिनाचं छोटं चित्र उजळतं, तो दिवा. तुमच्या टेम्पोत असलं काही नव्हतं, तुम्ही बॉनेटवर हात ठेवून त्याची तब्येत बघायचात. माझ्या गाडीचा सायलेन्सर गंजून गळाला. कंपनीचा पार्ट यायला वेळ लागेल, तोवर बाहेरचा बसवू, असं गॅरेजवाला म्हणाला आणि मी मान डोलावली. तेव्हापासून हा दिवा आहे आणि आवाज आहे. भांडुपचा आपला चढ गाडी चढायला लागली की अख्ख्या बिल्डिंगला कळतं. पन्नाशीचा माणूस कॉलेजच्या पोरासारखा घरी येतो, म्हणून शेजारी हसतात.

मी गॅरेजवाल्याला विचारलं, "इंजिनाची वाट लागली का?" तो म्हणाला, "गाडीला काय झालेलं नाय, साहेब. पाइपात सेन्सर असतो ना, त्याला या नव्या पाइपातला धूर ओळखू येत नाय, म्हणून तो बोंबलतो. लॅपटॉप लावून दिवा बंद करून देऊ? पण मग उद्या खरंच काही झालं तरी तो गप्प बसेल." मी नको म्हणालो. दिवा खोटा आहे की खरा, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

खरा घोटाळा घरी झाला. आपल्या चाळीच्या जागी आता बिल्डिंग आहे, पण आईचं स्वयंपाकघर त्याच चढाच्या बाजूला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे हल्ली तिच्या लक्षात राहत नाही. कधी राहतं, कधी नाही. नवा सायलेन्सर बसवला त्या संध्याकाळी गाडीचा आवाज ऐकून ती माझ्या बायकोला म्हणाली, "चाय ठेव गो. ते इले."

मला ती जन्मभर 'इलो' म्हणत आली आहे. मानाचं 'इले' फक्त तुम्हाला. मी दारात उभा, आणि ती माझ्या खांद्यावरून मागे बघतेय. "तू एकटोच?" म्हणाली. मी बूट काढत बसलो. टेबलावर तुमचा चहा बशीने झाकून ठेवलेला. थोड्या वेळाने तो मीच प्यायलो.

तुम्हाला आठवतं का, एकदा तुम्ही टेम्पोचा सायलेन्सर नीट करून आणला होता? एरवी टेम्पोचा आवाज चढाला लागला की आई स्टोव्हवर आधण ठेवायची, आणि तुम्ही चपला काढेपर्यंत चहाला उकळी यायची. त्या दिवशी टेम्पो गुपचूप आला. आई दचकली आणि तुमच्यावरच उखडली, "चोरासारखे काय येतास? चाय कधी ठेवची मी?" महिनाभरात सायलेन्सर पुन्हा फाटला आणि मग तुम्ही तो कधीच दुरुस्त केला नाहीत. मुद्दाम, की कंटाळा म्हणून, हे विचारायचं राहून गेलं. आज त्याचं उत्तर मला हवं होतं.

कारण कंपनीचा पार्ट आलाय. तो बसवला की दिवा जाईल, आवाज जाईल आणि आईचं 'इले'ही जाईल. बायको एक दिवस म्हणते, "काढून टाक रे तो. रोज आईंना आशा लावायची आणि रोज मोडायची, बरं नाही दिसत." दुसऱ्या दिवशी तीच म्हणते, "राहू दे ना. तेवढा वेळ किती खूश असतात." मला दोन्ही पटतं, हीच पंचाईत आहे. गॅरेजवाल्याचा फोन येतो आणि मी त्याला पुढचा शनिवार सांगतो.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात पडून राहील, टाकणार कुठे? एक मात्र सांगतो, बायकोला सांगितलेलं नाही. गाडी लावल्यावर मी हल्ली लिफ्ट घेत नाही. जिन्याने जातो, अगदी सावकाश. मी बेल वाजवेपर्यंत आईसाठी तुम्ही जिन्यातच असता.